‘मी लिहिते’ म्हणण्याची किंमत : समाजमाध्यमे आणि स्त्रियांचा अनुभव

मराठीत ‘मी जाते’, ‘मी म्हणते’, ‘मी आले होते’ असे लिहिले की लिहिणारी व्यक्ती स्त्री आहे हे नाव न वाचताही कळते. आम्हां बडोदेकर मराठी मंडळींना ही गोष्ट जरा अधिक जाणवते, कारण घरात मराठी आणि दाराबाहेर गुजराती अशी आमची दिवसभर ये-जा असते, आणि गुजरातीत ‘हुं जाउं छुं’ म्हणणारी व्यक्ती पुरुष आहे की स्त्री याचा क्रियापदावरून पत्ता लागत नाही. मराठीत मात्र ‘मला वाटते’, ‘मी वाचले’ अशा काही रचना सोडल्या तर क्रियापदच ओळख सांगून टाकते. दांडिया बाजार आणि रावपुरा भागातल्या बायकांच्या एका वाचनगटात मी काही वर्षे आहे. गटात मोकळेपणाने ‘मी असे म्हणते’ लिहिणाऱ्या मैत्रिणी समाजमाध्यमांवर अनोळखी लोकांपुढे मत मांडताना ‘असे वाटते’, ‘असे म्हणता येईल’ अशा वाक्यांचा आडोसा घेतात, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. एकीला कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, ‘‘बाई आहे हे कळले की मुद्दा बाजूला राहतो आणि माझ्याविषयीच बोलणे सुरू होते.’’

डिजिटल व्यासपीठांवरील स्त्री-पुरुष समानता हा विषय समजून घ्यायचा तर मला या आडोशापासून सुरुवात करावीशी वाटते. फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअॅप, यूट्यूब, एक्स यांवर खाते उघडताना स्त्री आणि पुरुष यांच्यासाठी वेगळे नियम नसतात, त्यामुळे तिथे समानता आधीच आहे असा समज सहज होतो. परंतु खाते उघडता येणे आणि त्या खात्यावरून स्वतःच्या नावाने, स्वतःच्या क्रियापदाने, वर्षानुवर्षे लिहीत राहता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली मिळते, दुसरीसाठी स्त्रीला अशी किंमत मोजावी लागते, जी बहुतेक पुरुषांना मोजावी लागत नाही.

अर्थात पहिली गोष्टही सगळ्यांना मिळालेली नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, आयुष्यात कधीतरी इंटरनेट वापरले आहे असे सांगणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण ३३.३ टक्के आणि पुरुषांचे ५७.१ टक्के होते. स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या स्त्रिया सुमारे ५४ टक्के होत्या. त्यानंतर फोन वाढले, डेटा स्वस्त झाला, पण ‘स्वतः वापरता येईल असा’ या शब्दांकडे आजही नीट पाहायला हवे. फोन घरात असतो, पण त्याचा पासवर्ड नवऱ्याला माहीत असतो, नातेवाइकांच्या विनंत्या मुलगा पाहतो, आणि सुनेने कोणता फोटो ठेवावा याचा निर्णय घरातली मोठी माणसे घेतात. आकडेवारीत अशी स्त्री इंटरनेट वापरणारी म्हणून मोजली जाते. तिला खरोखर काय लिहिता येते, हे त्या आकड्यातून कळत नाही.

बडोद्याच्या इतिहासात या प्रश्नाचा एक जुना दाखला आहे. सयाजीराव गायकवाड तिसरे यांनी सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३ मध्ये अमरेली भागात केला आणि १९०६ मध्ये तो संपूर्ण संस्थानाला लागू केला. त्यात मुलीही होत्या. शाळा काढली की मुली आपोआप येतील, असे त्या कायद्याने गृहीत धरले नाही. मुलीने शाळेत जावे की नाही हा निर्णय त्याने एकट्या कुटुंबाच्या मर्जीवर ठेवला नाही, आणि मला त्या कायद्याचा हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पुढे १९२७ मध्ये पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, तेव्हा त्याच्या अध्यक्षस्थानी बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई होत्या, आणि त्या परिषदेचा मुख्य विषयही स्त्रीशिक्षणच होता. दार उघडे आहे एवढ्याने कोणी आत येत नाही, दाराशी कोण उभे आहे हेही पाहावे लागते, ही समज आमच्या गावात शंभर वर्षांपूर्वी होती.

आता दाराशी नेमके काय घडते ते पाहू. वडोदऱ्याचा नवरात्र म्हणजे गरबा, आणि इथल्या मराठी घरांतल्या मुलीही चनिया-चोळी घालून त्यात तितक्याच उत्साहाने रमतात. माझ्या ओळखीतली एक मुलगी चनिया-चोळीवर आरसेकाम करून विकते. ग्राहक तिला तिच्या खात्यावरच्या छायाचित्रांतून मिळत असत, आणि स्वतः केलेला पोशाख स्वतः घालून काढलेली छायाचित्रे हीच तिची जाहिरात होती. एका वर्षी नवरात्रानंतर तिची तीन छायाचित्रे उचलून कोणीतरी तिच्याच नावाने दुसरे खाते काढले, तिथे घाणेरडा मजकूर लिहिला आणि तिच्या ग्राहकांना व नातेवाइकांना मैत्रीच्या विनंत्या पाठवल्या. तिने त्या व्यासपीठाकडे तक्रार केली. आमच्या नियमांचा भंग झालेला आढळला नाही, असे ठरीव उत्तर आले. घरच्यांनी प्रेमापोटीच सांगितले की खाते बंद कर, म्हणजे प्रश्न मिटेल. तिने बंद केले. बनावट खाते मात्र पुढे कित्येक दिवस चालू राहिले, आणि दिवाळीच्या ज्या मागण्या त्या खऱ्या खात्यावर यायच्या त्या आल्या नाहीत.

या प्रसंगात गुन्हेगार लपून राहिला आणि जिचे काही चुकले नव्हते ती निघून गेली. अशा निघून जाण्याची नोंद कुठेही होत नाही. मनस्ताप झाला, हे आपण मान्य करतो. पण ग्राहक गेले, कामाची ओळख गेली, पाच वर्षांत जमवलेली माणसे गेली, हे नुकसान ‘इंटरनेटवर असे होतेच’ या वाक्याखाली दडपले जाते. जिच्यासाठी खाते हेच दुकान आहे, तिला ‘खाते बंद कर’ हा सल्ला म्हणजे दुकान बंद कर असा सल्ला आहे.

हा एकट्या मुलीचा अनुभव नाही. प्लॅन इंटरनॅशनल या संस्थेने २०२० मध्ये २२ देशांतील १४ हजार मुली आणि तरुणींशी बोलून तयार केलेल्या अहवालात ५८ टक्के जणींनी समाजमाध्यमांवर छळ अनुभवल्याचे सांगितले. भारतात २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या काळात ९५ महिला राजकारण्यांचा उल्लेख असलेले एक लाखाहून अधिक ट्विट अॅम्नेस्टी इंटरनॅशनल इंडियाने तपासून घेतले, तेव्हा त्यांपैकी १३.८ टक्के, म्हणजे साधारण सातांतील एक, त्रासदायक किंवा शिवराळ निघाले. मुस्लिम स्त्रियांना धर्मावरून आणि वंचित जातींतील स्त्रियांना जातीवरून अधिक लक्ष्य केले गेल्याचेही त्यात दिसले. २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२२ च्या सुरुवातीला तर मुस्लिम स्त्रियांची छायाचित्रे लावून त्यांचा ‘लिलाव’ करणारी अॅप निघाली होती. ज्यांना लक्ष्य केले त्यांत पत्रकार आणि कार्यकर्त्या होत्या, म्हणजे नेमक्या बोलणाऱ्या स्त्रिया होत्या.

असा मजकूर एवढा पसरतो कसा, याचे उत्तर केवळ माणसांच्या स्वभावात शोधून चालणार नाही. कोणती पोस्ट किती लोकांना दाखवायची हे संगणकाचे गणित ठरवते, आणि त्या गणिताला मुख्यतः एवढेच कळते की लोक थांबले का, त्यांनी काही लिहिले का, पुढे पाठवले का. शंभर जणांनी अभिनंदन केले आणि शंभर जणांनी शिव्या दिल्या, तर दोन्हीकडे ‘शंभर प्रतिसाद’ असाच हिशेब होऊ शकतो. फेसबुकचे उदाहरण जाहीर झालेले आहे : २०१७ पासून तिथे संतापाच्या चिन्हासह सर्व भावचिन्हांना साध्या लाइकच्या पाचपट वजन दिले जात होते, आणि संतापाच्या चिन्हाचे वजन शून्यावर आणायला २०२० उजाडले. एखाद्या बाईवर लोक तुटून पडले की त्या गर्दीमुळेच ती पोस्ट आणखी लोकांपुढे नेली जाते. हे सगळे कोणी मुद्दाम स्त्रियांविरुद्ध रचले असे मी म्हणत नाही. परंतु ज्या रचनेत संतापालाही भाव मिळतो, तिथे ज्यांच्यावर संताप काढणे सोपे आहे त्यांनाच त्याची झळ जास्त बसते.

त्यात भाषेची अडचण आहे. आक्षेपार्ह मजकूर प्रथम यंत्र गाळते, आणि यंत्र शब्दांवरून शिकलेले असते. आमच्या शाळेत ‘बाई’ म्हणजे शिक्षिका, आदराचा शब्द. तोच शब्द गुजरातीत घरकाम करणाऱ्या स्त्रीसाठी वापरतात, आणि मराठीतही वेगळ्या सुरात तो हिणवण्यासाठी येतो. मराठी शिवी रोमन लिपीत, मधे दोन गुजराती शब्द घालून लिहिली तर माणसाला ती लगेच लागते, पण यंत्राला ती ओळखणे फार अवघड जाते. ‘नियमांचा भंग आढळला नाही’ या उत्तरामागे पुष्कळदा असा अडाणीपणा असतो, आणि तक्रार करणारीला मात्र वाटते की आपलेच काही चुकले.

व्यासपीठांनी उपाय केलेच नाहीत असे नाही. फेसबुकने २०१७ मध्ये भारतात प्रोफाइलच्या छायाचित्राला संरक्षण देण्याची आणि २०२० मध्ये संपूर्ण प्रोफाइलला कुलूप लावण्याची सोय आणली, आणि दोन्ही वेळा भारतीय स्त्रियांची काळजी हेच कारण सांगितले. या सोयी उपयोगी आहेत, मी त्या वापरायला सांगतेही. परंतु त्या सगळ्या स्त्रीला झाकून घेण्याच्या सोयी आहेत. रस्त्यावर त्रास होतो म्हणून घराच्या खिडक्यांना पडदे शिवून द्यावेत आणि रस्ता तसाच ठेवावा, त्यातला हा प्रकार आहे; आणि ज्या स्त्रीचे काम लोकांपुढे येण्याचेच आहे, तिला या कुलपाचा काही उपयोग नाही.

अलीकडे तर छायाचित्र लपवूनही पुरत नाही. चेहऱ्याचे एखादे चित्र मिळाले की संगणकाच्या साहाय्याने तो चेहरा दुसऱ्या शरीरावर बसवता येतो, त्याला डीपफेक म्हणतात. २०१९ मध्ये डीपट्रेस या कंपनीने इंटरनेटवरील अशा चित्रफिती मोजल्या, तेव्हा त्यांतील ९६ टक्के अश्लील आणि संमतीशिवाय केलेल्या होत्या. भारतात हा शब्द घरोघरी पोहोचला तो नोव्हेंबर २०२३ मध्ये, अभिनेत्री रश्मिका मंदाना यांचा चेहरा दुसऱ्या एका तरुणीच्या चित्रफितीवर बसवला गेला तेव्हा. चर्चा अभिनेत्रीची झाली, पण त्या चित्रफितीत जिचे शरीर होते तीही खरी स्त्री होती, आणि तिलाही कोणी विचारले नव्हते.

खासगी छायाचित्र पसरवण्याची धमकी आली तर काय करता येते, हे मी थोडे सविस्तर सांगते, कारण याविषयी फार कमी जणींना माहिती असते आणि भीती मात्र सगळ्यांना असते. डिसेंबर २०२१ पासून ‘स्टॉप एनसीआयआय’ नावाची मोफत सेवा उपलब्ध आहे. तिचे काम समजायला बोटाच्या ठशाची कल्पना घ्यावी. ठशावरून माणूस ओळखता येतो, पण ठशातून माणूस परत तयार करता येत नाही. त्याचप्रमाणे छायाचित्रातून आकड्यांची आणि अक्षरांची एक ओळ तयार करता येते. तिला हॅश म्हणतात. ही ओळ स्त्रीच्या स्वतःच्या फोनवर तयार होते, छायाचित्र फोनच्या बाहेर जात नाही, आणि सहभागी कंपन्यांकडे फक्त ही ओळ पोहोचते. कोणी तेच छायाचित्र त्यांच्या व्यासपीठावर टाकू लागले की ओळ जुळते आणि ते अडवता येते. आपले खासगी चित्र पुन्हा एका अनोळखी अधिकाऱ्याला दाखवावे लागेल या लाजेने ज्या तक्रारच करत नाहीत, त्यांच्यासाठी ही गोष्ट फार मोलाची आहे. मर्यादाही आहेत : ज्या कंपन्या सहभागी नाहीत तिथे तिचा उपयोग नाही, आणि चित्रात बराच बदल केला तर ओळ जुळेलच असे नाही. ही सेवा १८ वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी आहे. त्याहून लहान मुलामुलींसाठी ‘टेक इट डाउन’ ही अशीच सेवा २०२३ पासून आहे.

कायद्याबद्दल दोन टोकाचे गैरसमज आढळतात : एक म्हणजे कायदा काही करू शकत नाही, आणि दुसरा म्हणजे कायदा आहे म्हणजे झाले. २०१३ च्या फौजदारी कायद्यातील दुरुस्तीने पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा झाला आणि त्यात स्त्रीच्या इंटरनेट वा ईमेलच्या वापरावर पाळत ठेवणेही आले. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत हे कलम ७८ आहे, आणि पहिल्या वेळी दोष सिद्ध झाल्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कलम ७७ मध्ये तर एक गोष्ट स्पष्ट शब्दांत लिहिली आहे, जी प्रत्येक महाविद्यालयात सांगायला हवी : स्त्रीने खासगी क्षणाचे छायाचित्र काढायला संमती दिली असली, तरी ते इतरांना पाठवायला संमती दिलेली नसेल, तर पाठवणे हा गुन्हाच आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-ई हे कलम खासगी अंगांची छायाचित्रे संमतीविना काढण्याबद्दल व पसरवण्याबद्दल आहे, ६६-सी दुसऱ्याची ओळख चोरण्याबद्दल, आणि ६७ व ६७-ए अश्लील मजकूर प्रसारित करण्याबद्दल. प्रसारित करणे या शब्दात पुढे पाठवणेही येते. कुटुंबाच्या गटात ‘मुलींनो, सावध राहा’ असे लिहून एखाद्या मुलीची तसली चित्रफीत पाठवणारे काका तिचे रक्षण करत नसतात. ते तिच्या छळात भर घालतात आणि स्वतःही कायद्याच्या कचाट्यात येऊ शकतात.

मात्र कायदा सैलपणे लिहिला तर तो स्त्रियांवरच उलटतो, हेही लक्षात ठेवायला हवे. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना मुंबईतील बंदविषयी फेसबुकवर लिहिल्याबद्दल अटक झाली. एकीने लिहिले होते आणि दुसरीने फक्त ते आवडल्याची खूण केली होती. त्यांच्याविरुद्ध वापरलेले ६६-ए हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवून रद्द केले. ‘त्रासदायक’ म्हणजे काय हे त्या कलमाने ठरवलेलेच नव्हते, त्यामुळे कोणाचेही लिहिणे कोणालाही त्रासदायक ठरवता येत होते. म्हणून अधिक कडक कायदा मागण्यापेक्षा आहे तो नेमका वापरता येईल इतकी माहिती स्त्रियांच्या हातात देणे मला गरजेचे वाटते.

त्या माहितीतली पहिली गोष्ट पुराव्याची आहे. घाबरून संदेश पुसून टाकणे ही सर्वांत सहज होणारी चूक आहे. बनावट खात्याचा पूर्ण पत्ता, तारीख आणि वेळ दिसेल असे पडद्याचे छायाचित्र आधी घ्यावे, मूळ संदेश तसेच ठेवावेत, आणि फोन बदलायचा असेल तरी जुना जपून ठेवावा, कारण न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागते आणि ते देताना मूळ साधन उपयोगी पडते. त्यानंतर व्यासपीठाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जावे. प्रत्येक समाजमाध्यमाने असा अधिकारी नेमून त्याचा संपर्क जाहीर करणे बंधनकारक आहे. नग्नता, लैंगिक कृती किंवा बनावट ओळख अशा मजकुराबाबत स्वतः पीडितेने किंवा तिच्या वतीने कोणी तक्रार केल्यास तो हटवण्यासाठी २०२१ च्या नियमांनी २४ तासांची मुदत घालून दिली. गरब्याच्या त्या मुलीने पडद्यावरचे ‘रिपोर्ट’ एवढेच बटण दाबले होते. या अधिकाऱ्याला तिने लिहिलेच नव्हते, कारण असा कोणी असतो हे तिला आणि मलाही तेव्हा ठाऊक नव्हते. त्याच्या निर्णयाने समाधान झाले नाही तर सरकारने नेमलेल्या तक्रार अपील समितीकडे ३० दिवसांत दाद मागता येते.

पोलिसांकडील तक्रारीसाठी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल आहे, आणि स्त्रिया व मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांची माहिती तिथे नाव न देताही नोंदवता येते. १९३० हा क्रमांक पैशांच्या फसवणुकीत तातडीने कामाला येतो. गुजरातेत १८१ ही ‘अभयम्’ महिला मदतवाहिनी आहे, आणि पोलीस ठाण्यात एकटीने जायचा धीर होत नसेल तर आधी तिथे बोलून घेता येते. गुन्हा कोणत्या हद्दीत घडला हे ठरत नाही असे सांगून ठाण्यावरून परत पाठवले, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३ आठवावे. घटना कोणत्याही हद्दीतली असली तरी तक्रार नोंदवून घेण्याची तरतूद त्यात आहे.

गेल्या वर्षी आमच्या वाचनगटाने एका संध्याकाळी पुस्तक बाजूला ठेवून तक्रारीचा नमुना मराठीत आणि गुजरातीत लिहून काढला. खात्याचा पत्ता, तारीख, काय झाले, काय हवे, एवढेच त्यात आहे. आरसेकाम करणारी ती मुलगीही आली होती. पहिल्या मसुद्यात आम्ही ‘सदर छायाचित्राचा गैरवापर झाल्याचे दिसून येते’ असे लिहिले होते. तिने ते खोडले आणि त्या जागी लिहिले : ‘हे छायाचित्र माझे आहे, ते वापरायला मी परवानगी दिलेली नाही, आणि ते आजच काढावे अशी मी मागणी करते.’